चौथ्या कॉम्प्युटरवरची रशिदाबी

मी कॉम्प्युटर क्लास चालवणारा माणूस. बिघाड झाला की कारण असतं आणि ते सापडतं, एवढंच मला माहीत. भुताखेतांचे किस्से सांगणाऱ्यांची आजवर यथेच्छ टिंगल केली... आता तुम्ही माझी करा, हरकत नाही.

बीटी कपाशीनं शिवारं भरून गेली होती, त्या वर्षांतली गोष्ट. गाव अमडापूर. माझी बहीण वैशाली चित्रकार. तिनं कापूस वेचणाऱ्या पाच बायकांचं शूटिंग केलं होतं. बंद जिनिंगच्या गोदामात, माझ्या क्लासमधल्या पाच जुन्या कॉम्प्युटरवर ते दाखवायचं होतं. एकेका स्क्रीनवर एकेक बाई. वीस मिनिटं पाचही जणी बरोबरीनं पुढे सरकताना दिसायला हव्यात.

चौथी रशिदाबी. शूटिंगनंतर दोन महिन्यांत ती वारली. घरात तिचा एक फोटो नाही. तिची मुलगी शबाना आईला बघायला सासरहून, धामणगाव बढ्याहून, आली होती.

आणि नेमका चौथाच कॉम्प्युटर रडका! दर पाच मिनिटांना दोन सेकंद मागे. पाचही मशीन केबलनं जोडून त्यांना एका वेळेवर आणणारा प्रोग्राम मी लिहिला होता, पण त्या सकाळी केबल जोडायचा स्विचच जळाला. बुलढाण्याहून नवा येईपर्यंत शबानाची परतीची एसटी निघून गेली असती.

"चौथा बंद ठेवू," वैशाली म्हणाली.

"अजिबात नाही!" मी हट्टी आहे, घरचे साक्षीदार आहेत.

शूटिंगमधल्या बाकीच्या चौघी तिथेच बसल्या होत्या. त्यातली गयाबाई म्हणाली, "सर, काऊन टेन्शन घेऊन राह्यले? बटन आमी दाबतो न. रशिदाची पात मांगं राह्यली त आमी थांबत होतो. तिले सोडून कधी धुऱ्यावर नाही गेलो."

पात म्हणजे वेचायला घेतलेली ओळ, धुरा म्हणजे शेताचा बांध.

चौघी चार कीबोर्डपाशी, चौथ्यावर शबाना. एक, दोन, तीन...

मी घड्याळ धरून उभा. पाच मिनिटं — पाचही बरोबरीनं. दहा — तरीही बरोबरीनं. शेवटी पाचही स्क्रीन एकदम काळ्या झाल्या. चौथा सुधारला म्हणून मी खूश... आणि घड्याळ बघितलं. वीस मिनिटं आठ सेकंद. चौथ्याला एकट्याला नेहमी लागायचा तेवढाच वेळ. म्हणजे बाकीचे चार त्याच्यासाठी थांबले होते — कुठेही न जोडलेले!

"अजून एकदा लावता, सर?" शबानानं विचारलं.

लावलं. या वेळी चार स्क्रीन वेळेवर काळ्या झाल्या, चौथ्यावर एकटी रशिदाबी वेचत राहिली. मी ओशाळून बंद करायला गेलो, तर शबानानं माझा हात धरला.

"राहू द्या, सर. अम्मी आहे अजून."

आठ सेकंदांनी चौथी स्क्रीनही काळी झाली, तेव्हा तिनं हात सोडला.

दुसऱ्या वेळचं कारण मी सांगू शकतो, मशीन जुनं. पहिल्या वेळचं आजतागायत सापडलेलं नाही. पाचही मशीन उघडून बघितली, शंभरदा चालवली... चौथा दर वेळी मागे पडतो. शोध मी सोडलेला नाही. चौथा कॉम्प्युटर दुरुस्त मात्र केला नाही.