ओहोटी नसलेली दीर्घिका

मी तेव्हा मुंबईतल्या एका संस्थेत तारे बघायची नोकरी करत होते. आकाशाकडे मान करून नव्हे हं. दिवसाढवळ्या, टेबलावर काचेची फोटोप्लेट ठेवून, भिंगातून. आपल्या आकाशगंगेच्या शेजारची एक बुटकी दीर्घिका माझ्या वाट्याला आली होती, आणि तीही इतकी दक्षिणेला की आमच्या बेलापूरहून कधी दिसायचीच नाही. आई म्हणाली, "न दिसनाऱ्या चांदन्या बघायला पगार देतात? येडीच हायत ती मानसं."

बाबांना मात्र त्या बुटकीचं भारी कौतुक. त्यांचा जन्म खाडीच्या बांधावर गेला होता. भरतीचं खारं पाणी बांधानं अडवायचं आणि आतल्या खाजणात भात पिकवायचा. ते खाजण नव्या शहरासाठी सरकारनं घेतलं, वर मुरूम पडला. पण आमच्याकडे बांध फुटून खारं पाणी शेतात शिरलं, तरी कुणी रडत बसत नाही. बांध नीट करायचा. दोन-चार पावसाळ्यांत जमीन धुऊन निघते, पुन्हा पिकते. बाबांनी सरकारचंही तेच धरलं. "आलाय तसा जाईल. खारा पानी काय कायमचा रातो?" मी चिडायचे. शिकल्यासवरल्या पोरीचं ऐकतील तर शप्पथ!

एका रविवारी ओट्यावर बसून त्यांनी विचारलं, "बाय, तुझ्या बुटकीत चाललंय तरी काय?"

मी सांगितलं. म्हातारे, तांबूस तारे लांबवर पसरलेत. नवे, निळे तारे मधल्या पट्ट्यात दाटीनं. आपली मोठी आकाशगंगा तिला ओढते. त्या ओढाताणीत वायू जिथं दाबला जातो तिथं नवे तारे जन्मतात, आणि बाकीचा बराच वायू बाहेर सांडतो.

"ही तं भरतीच की!" बाबा खूश झाले. "मंग ओहोटी कवा लागते?"

"लागत नाही, बाबा. ओढलेलं परत येत नाही. शेवटी ती सगळीच मोठीच्या पोटात जाणार."

बाबांनी समोर आमच्या खाजणाकडे बघितलं. तिथं इमारतीचा पाया खणत होते.

"म्हंजे आपला खाजन पन गेला," ते म्हणाले.

मी आकाशातलं बोलत होते हो!

ते उठून आत गेले आणि आईला म्हणाले, "माळ्यावरचं बियानं काढ. कांडून घे."

आई हबकलीच. आमच्यात उपाशी राहतील, पण बियाण्याला हात लावणार नाहीत. उरणला आत्याच्या शेतात दरवर्षी मूठभर पेरून बाबांनी खाजणातलं ते भात, जमीन परत मिळाली की पेरायला म्हणून, जिवंत ठेवलं होतं, हे मला त्या दिवशी कळलं. आई कांडताना रडत होती. मी सूप घेऊन शेजारी बसले, दुसरं काय करणार?

संध्याकाळी तांबडा भात ताटात आला. बाबांनी ताटाला नमस्कार केला, पहिला घास उचलला आणि मला भरवला. एवढी घोडी झाले होते मी, तरी तोंड उघडलं.