उत्तर येईपर्यंत

उजवा हात खांद्याच्या वर उचलायचा, तळवा समोरच्याला दिसेल असा धरायचा आणि विचारायचं, “बंद शे?” समोरून उत्तर आल्याशिवाय तो हात खाली येत नसे. सिल्वासातल्या आमच्या प्लास्टिकच्या कारखान्यात ती मेंटेनन्सला फिटर होती, आणि कुठल्याही मशीनला हात लावण्याआधीची ही तिची पूजा होती.

‘शे’ म्हणजे ‘आहे’, हे मला तिच्यामुळे कळलं. ती अमळनेरकडची, घरी अहिराणी बोलणारी. मी मालवणची, लग्नानंतर इकडे आलेले, त्याच कारखान्यात क्वालिटीला. मशीन बंद आहे का, एवढंच ती विचारायची. पण ऑपरेटर बिहारचा असो की इथल्याच खानवेलकडचा, नुसती मान हलवलेली तिला चालत नसे. तोंडाने सांगावं लागे. हळूहळू सगळी शेड तिच्याच भाषेत ‘बंद शे’ म्हणायला लागली. आमचे गुजराती सुपरवायझर आधी घड्याळ दाखवून कुरकुरायचे, “बेन, टाइम बगडे छे.” पुढे तिने हात वर केला की तेही मुकाट्याने उत्तर देऊन मोकळे व्हायचे.

किलवणी नाक्याजवळ आमच्या वरच्या खोलीत ती भाड्याने राहायची, त्यामुळे कारखान्यातली पूजा माझ्या स्वयंपाकघरातही आली. मिक्सरचं भांडं काढण्याआधी हात वर. कुकरला हात लावण्याआधी हात वर. एकदा आम्ही वासोण्याला सिंह बघायला गेलो. जाळीच्या बसमध्ये ती खिडकीशी बसली होती आणि सिंह सावलीत गाढ झोपला होता. हिने जाळीला बोट लावण्याआधी सवयीने हात वर केला. गाइडला वाटलं, बाईंना काही शंका आहे. तो बिचारा थांबला आणि सिंहाच्या आहाराची सगळी माहिती त्याने पुन्हा पहिल्यापासून सांगितली.

अशी सावध मुलगी शर्यतींच्या मागे लागली असेल, असं तुम्हाला वाटलं नसतं. मलाही वाटलं नव्हतं. रविवारी सकाळी ती जुनी मोटरसायकल घेऊन खानवेलच्या वळणांवर जायची आणि परत आली की अंगणात तिचे सगळे भाग सोडवून पुन्हा जोडत बसायची. मी चहा घेऊन गेले की ऐकायला मिळायचं. लहानपणी गावाबाहेरच्या माळावर मोटरसायकलींची शर्यत झाली होती. सगळं गाव गाडी पळवणाऱ्याकडे बघत होतं. ही मात्र कडेला बसून चाक बदलणाऱ्या माणसाकडे बघत राहिली.

“मला पळवायची नाही, ताई,” ती म्हणायची. “पळणारी गाडी माझ्या हाताखालून गेलेली पाहिजे.”

त्यासाठी कोइंबतूरला जायला हवं होतं. तिकडे शर्यतीचे ट्रॅक आहेत, गाड्या तयार करणाऱ्या टीम आहेत. तिने बरीच खटपट केली, तेव्हा एका टीमने तिला चाचणीला बोलावलं, आणि सुट्टी टाकून ती गेली. मी डब्यात दशम्या दिल्या. देवापुढे दिवाही लावला, आता लपवायचं कशाला.

परत आली ती तोंड पाडूनच. चाचणी सोपी होती. गाडी स्टँडवर, मागचं चाक फिरतंय, रायडर इंजिन बंद करतो, मग चाक काढून दुसरं बसवायचं. रायडरने इंजिन बंद केलं. चाक थांबलं, ते थांबलेलं सगळ्यांना दिसलं. हिने हात वर केला आणि विचारलं, “बंद शे?” हेल्मेटमधला तो तमिळ रायडर हिच्याकडे बघत राहिला. ही त्याच्याकडे बघत राहिली. त्याला वाटलं, ही अजून तयार नाही. हिला वाटलं, तो अजून उत्तर देत नाही. तोवर शेजारच्या उमेदवाराचं चाक बसूनही गेलं होतं. टीमचा प्रमुख मात्र भला माणूस. तो म्हणाला, हात चांगला आहे तुझा. ही सवय सोड आणि पुन्हा ये.

मग ती सवय सोडायला बसली. अंगणात गाडी स्टँडवर लावायची, मी किल्ली फिरवून इंजिन चालू करायचं, बंद करायचं, आणि तिने न विचारता चेनला हात घालायचा. मी मोठ्या हौसेने ड्यूटी घेतली. पण इंजिन बंद झालं रे झालं की तिचा हात आधी वर जायचा. मग स्वतःवरच चिडून ती तो खाली ओढायची. शेवटी एका रविवारी पायरीवर बसली आणि रडली. मला इतकं वाईट वाटलं की मीच म्हटलं, नको ना जाऊस. इथे तू पर्मनंट होणार आहेस, सगळे तुला मानतात.

त्याच सुमारास तिचे वडील आले. चोपड्याकडचं एक स्थळ होतं, मुलगा इथून जवळच, दादऱ्यातल्या एका कारखान्यात नोकरीला. म्हणजे नोकरीही राहील, संसारही होईल. मला तर वाटलं, प्रश्न सुटला. त्यांनी गावाकडून भरताची वांगी आणली होती. माझ्याच गॅसवर ती भाजली आणि ते सोलायला बसले, तेव्हा मी त्यांचा उजवा हात पाहिला. दोन बोटं अर्धीच होती. जिनिंगमध्ये, कापसाच्या मशीनमध्ये गेलेली.

कोइंबतूरची गोष्ट तिने त्यांना जेवताना सांगितली, हसत हसत, दुसऱ्या कुणाची सांगावी तशी. ती सवय सोडली की घेतील म्हणाले, असंही सांगितलं. वडील हसले नाहीत. त्यांनी घास खाली ठेवला आणि तो हात ताटाशेजारी टेकवला.

“मी इचारं व्हतं,” ते म्हणाले. “पन वाट नही देखी.”

त्यांनी विचारलं होतं, उत्तराची वाट तेवढी पाहिली नव्हती. तेव्हा ती शाळेत जाणारी पोर होती. नंतर हात वर करायला तिला कुणी शिकवलं, हे मला त्या दिवशी कळलं. मला वाटलं, आता ते चोपड्याचा विषय काढतील. त्यांनी काढला नाही. हात धुऊन आले आणि दारात उभं राहून लेकीला म्हणाले, “तुले जानं शे ना? जाय. पन वाट देखजो.”

ती पर्मनंट व्हायच्या आधीच गेली. कोइंबतूरला कुणी तिची वाट बघत नव्हतं. रस्त्यावरच्या एका गॅरेजात काम धरायचं आणि टीमच्या दारात पुन्हा पुन्हा उभं राहायचं, एवढाच बेत होता. निघायच्या दिवशी ती शेडमध्ये सगळ्यांना भेटायला आली. दारापाशी जाऊन वळली आणि निरोपाचा हात वर केला. चार मशीनवरून चार ऑपरेटर एकदम म्हणाले, “बंद शे!” शेड हसली. सुपरवायझर हसता हसता चष्मा पुसायला लागले. मी बाथरूममध्ये जाऊन रडून आले.

त्यानंतर वरच्या खोलीत दुसरे भाडेकरू आले, सभ्य आहेत. मिक्सरचं भांडं मी आता विचारल्याशिवाय काढते, पण हात उगाच थबकतो. तिचे फोन यायचे, लहानसे. गॅरेजात आहे, भात अंगवळणी पडतोय, टीमने अजून घेतलं नाही. मग एकदा म्हणाली, घेतलंय, पण सध्या झाडायला आणि पुसायला. मी विचारलं, आणि ती सवय? ती म्हणाली, आहे की.

परवा दुपारी तिने व्हिडिओ पाठवला. मोठी शेड, स्टँडवर शर्यतीची गाडी, मागचं चाक गरगर फिरतंय. रायडर इंजिन बंद करतो. ती चाकाशी गुडघ्यावर बसलेली, उजवा हात वर, तळवा समोर. चाक थांबतं. ती हलत नाही. तेव्हा रायडर हेल्मेटची काच वर करतो आणि तमिळ वळणाने, एकेक अक्षर जपून म्हणतो, “बंद शे.”

मग तिचा हात खाली येतो, आणि पुढचं इतक्या झपाट्याने होतं की मला ते नीट दिसतही नाही.

मी डोळे पुसतेय तोवर तिच्या वडिलांचा फोन आला. ते कधी आपणहून फोन करत नाहीत.

“ऐकं का, ताई?”

ऐकलं, म्हटलं. मग फोन कुणीच ठेवला नाही. त्यांच्या घरात दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवर तो व्हिडिओ चालू होता. तमिळ वळणाचं ते उत्तर मागून ऐकू आलं, थोडं थांबून पुन्हा ऐकू आलं, आणि मग पुन्हा.