सिस्टरबाईंची अडलेली फटफटी

जुनं इंजिन उघडलं की कार्बन खरवडावा तितका निघतो. किश्श्यांचंही तसंच आहे. एक खरवडला की त्याखाली दुसरा! गेल्या उन्हाळ्यात मध्य प्रदेशातल्या आमच्या बालाघाटच्या घरी, अंगणात, एक गाडी उघडली होती. तिचे पार्ट केव्हाच जागेवर बसले, किस्से मात्र अजून निघताहेत. माझी बायको शोभा म्हणते, पाहुण्यांना आधी चहा तरी पिऊ देत जा.

गाडी आमच्या शेजारच्या सिस्टरबाईंची. लांजीकडच्या खेड्यांत त्यांनी सरकारी नर्स म्हणून सगळी नोकरी काढली. खात्याची सायकल होती, पण नाला आला की ती खांद्यावर घ्यावी लागे. म्हणून त्यांनी एक सेकंडहँड मोटरसायकल घेतली, दोन स्ट्रोकची, पेट्रोलमध्येच तेल मिसळून पाजायची. पांढरी साडी, मागे बाळंतपणाच्या सामानाचा डबा आणि कानठळ्या बसवणारा आवाज! रिटायर झाल्यावर गाडी पडवीत उभी राहिली. कुणीतरी तिचा प्लग काढून नेला. त्या भोकातून पावसाचं पाणी आत झिरपत राहिलं आणि पिस्टन गंजून सिलिंडरला चिकटला. इंजिन जाम. किकवर अख्खा माणूस उभा राहिला तरी ती खाली जाईना.

आता बाई कायमच्या रायपूरला, मुलीकडे निघाल्या होत्या. मुलीच्या सोसायटीत बंद गाडी पार्किंगमध्ये ठेवू देत नाहीत. चालू झाली तर सामानाच्या ट्रकमध्ये, नाहीतर भंगारात, असं मायलेकींचं ठरलं. बाईंनी सीटवरची धूळ तेवढी पदरानं पुसली आणि आत गेल्या. मला ते पाहवलं नाही. दुसऱ्या दिवशी मी गाडी ढकलत आमच्या अंगणात आणली.

मी मेकॅनिक नाही, कचेरीत फायली सरकवतो. पण माझा जन्म याच बाईंच्या हातचा.

*

तो किस्सा आईचा. माझं आजोळ लांजीच्या पुढे. तिथे लांबून ही फटफट ऐकू आली की बायका चुलीवर पाणी तापत ठेवायच्या. वेगळा निरोप लागत नसे.

मी जन्मलो, रडलो. आजी दाराबाहेरून विचारतेय, काय झालं, काय झालं. आतून बाईंचा आवाज आला, "थांबा. आधी वेळ." त्यांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं, वेळ मोठ्यानं सांगितली आणि मगच मुलगा असल्याचं सांगितलं. प्रत्येक बाळाला हाच नियम. दारात कितीही मोठ्या घरची सासू उभी असो!

त्यामुळे त्या पट्ट्यातल्या कुणालाही विचारा, जन्माची वेळ मिनिटासकट सांगतो. तारीख मात्र शाळेतल्या मास्तरांनी घातलेली असते.

*

मदतीला मेश्रामभाऊ आले. भरवेलीच्या मँगनीजच्या खाणीतून फिटर म्हणून रिटायर झालेले. त्यांच्या दोन्ही मुली बाईंच्याच हातच्या, त्यामुळे बोलवावं लागलं नाही. आल्या आल्या म्हणाले, बाईंची गाडी भंगारात गेली तर मी मुलींना तोंड काय दाखवू?

अडचण एकच. आयुष्यभर त्यांनी घराएवढ्या मशीन खोललेल्या. पहिल्या दिवशी पिशवीतून जो पाना निघाला, त्याच्या जबड्यात आमच्या इंजिनचं अख्खं हेड मावलं असतं. मागून हातोडी निघाली तेव्हा शोभानं अंगणातल्या कुंड्या उचलून आत नेल्या.

यापेक्षा लहान नाही का, असं मी भीत भीत विचारलं. मेश्रामभाऊंनी हातोडी उलटसुलट करून पाहिली.

"हे लहानच होय," ते म्हणाले.

*

जाम पिस्टनचा पहिला उपाय सोपा. प्लगच्या भोकातून तेल सोडायचं आणि वाट पाहायची. मी डिझेल सोडलं. मेश्रामभाऊंचा डिझेलवर विश्वास नाही, त्यांनी माझी पाठ वळताच रॉकेल ओतलं. समोरचे मिठाईवाले गुप्ताजी सकाळी फिरायला निघाले की फाटकाशी थांबायचे. एकदा बाटली घेऊनच आले. "सरसों का डालो भैया, लोहा भी मान जाता है," म्हणत त्यांनी ते मोहरीचं तेल स्वतःच ओतलं. त्यांच्या नातवाच्या वेळी बाई सुट्टीवर असूनही धावत आल्या होत्या, हे त्यांनी मला त्या दिवशी सांगितलं. तोवर मला ठाऊकही नव्हतं.

एका सकाळी वाकून पाहिलं तर भोक काठोकाठ भरलेलं, आणि वर एक लवंग तरंगतेय! घरात चौकशी केली. आई अगदी सहज म्हणाली,

"दाढेचा ठणका जाते त्यानं. याचाबी जाईन."

*

तरी पिस्टन हलेना. शेवटी हेड काढलं, पिस्टनवर लाकडाचा ठोकळा ठेवला आणि मेश्रामभाऊंनी ती 'लहान' हातोडी उचलली. बाई तेव्हा आमच्याकडे खुर्ची टाकून बसल्या होत्या. त्या उठल्या आणि त्यांनी सिलिंडरवर तळहात ठेवला.

"जोर नोको लावू, मेश्राम. अडलं असन तर जोरानं येत नाही. गरम पाणी आणा, अन् बसा चूप."

शोभानं पातेली भरभरून पाणी तापवलं. आम्ही सिलिंडरवर ते ओतत गेलो आणि गप्प बसलो. मेश्रामभाऊ गप्प बसलेले मी प्रथमच पाहिले. बऱ्याच वेळानं बाईंनी मान हलवली. मेश्रामभाऊंनी हातोडीच्या दांड्यानं ठोकळ्यावर हलकी थाप मारली, आणि पिस्टन खाली सरकला. बाईंचे डोळे भरले. मेश्रामभाऊ कार्बोरेटर शोधायच्या निमित्तानं दुसरीकडे पाहू लागले.

मग वाद पेटला. मी म्हटलं डिझेल. मेश्रामभाऊ म्हणाले रॉकेल. गुप्ताजींनी बातमी ऐकली आणि पावभर बालूशाही पाठवली, सोबत निरोप, ही सरसोंच्या विजयाची! मी सगळ्यांचे मनापासून आभार मानले. कुणाचं तेल लागू पडलं ते आजही माहीत नाही, आणि कुणालाही नाही म्हणायची माझी इच्छा नाही. आई मात्र वादात पडली नाही. तिनं फक्त लवंगांची डबी पुन्हा फळीवर ठेवली.

*

सिलिंडर गोंदियाला नेऊन घासून आणला, नवा पिस्टन बसला. राहिला कार्बोरेटर. चिंचेच्या पाण्यात उकळला की त्याची बारीक भोकं मोकळी होतात, असं मी मोबाइलवर पाहिलं होतं. आता हे शोभाला सांगायचं कसं? तिचं स्वयंपाकघर, तिचा गॅस. आधीच तिच्या दोन पातेल्यांना ग्रीस लागलेलं. मी दिवसभर प्रस्तावना जुळवली. संध्याकाळी कार्बोरेटर पाठीमागे धरून आत गेलो आणि एका दमात सगळं सांगून टाकलं.

तिनं माझ्याकडे पाहिलं. माळ्यावरून जुना कुकर काढला, चिंच घातली, कार्बोरेटर आत सोडला. झाकण हातात घेऊन म्हणाली,

"किती शिट्ट्या?"

अशी बायको मिळायला नशीब लागतं. हे मी तिलाही सांगितलं, पण कुकर उतरल्यावर.

*

मग पेट्रोल आणायला गेलो. पंपावर डब्यात पेट्रोल घेतलं, खिशातून टू-स्ट्रोकच्या तेलाची बाटली काढली आणि तिथेच ओतून डबा हलवायला लागलो. पंपावरची मुलगी धावत आली. तिच्या जन्माआधीच असल्या गाड्या रस्त्यावरून नाहीशा झालेल्या. मी समजावून सांगितलं, हे इंजिन पेट्रोलसोबतच तेल पितं, नुसतं पेट्रोल पाजलं तर पुन्हा जाम होईल. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं.

"वो सब ठीक है अंकल," ती म्हणाली, "पर मिलावट बाहर जाके करो."

*

जायच्या दिवशी ट्रक दारात उभा. सामान चढलेलं, मागे गाडीपुरती जागा ठेवलेली. मुलीनं भंगारवाल्यालाही सांगून ठेवलं होतं, तोही हातगाडी घेऊन हजर. तिचं काही चुकलं नाही, ट्रक तरी किती वेळ थांबणार?

मी किक मारली. काही नाही. पुन्हा मारली. मेश्रामभाऊंनी मारली. इंजिन नुसतं फुसफुसलं आणि गप्प झालं. भंगारवाला दोन पावलं पुढे आला. मेश्रामभाऊंनी प्लग काढला, तो पेट्रोलनं ओला. शोभानं त्यांच्या हातून तो घेतला, आत जाऊन सांडशीत धरून गॅसवर भाजला आणि पळत परत आली. ड्रायव्हरनं तोवर ट्रक सुरू करून ठेवला होता. मुलगी हळूच म्हणाली, आई, राहू दे आता. बाई गाडीजवळून हलल्या नाहीत. टाकीवर हात ठेवून उभ्या.

मेश्रामभाऊंनी गरम प्लग बसवला. मी किकवर उभा राहिलो.

आधी एक ठसका आला. मग दुसरा. आणि मग जी फटफट सुरू झाली, ती पार चौकापर्यंत ऐकू गेली असेल! निळ्या धुरात समोरचं काही दिसेना. गुप्ताजी दुकान सोडून रस्त्यावर आले. ट्रकचं मागचं फाळकं मुलीनं स्वतः खाली पाडलं. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून आईचा आवाज आला,

"पाणी ठेवलं वं बाई!"

मेश्रामभाऊ गालावरचं पाणी ग्रीसच्या हातानं पुसत बाईंकडे वळले.

"काय झालं, बाई?"

बाईंनी हात वर केला.

"थांबा. आधी वेळ."