पाहुण्यांसाठी सजवलेली माती

आमच्या घरी पाहुणा येणार म्हटलं की बाबांच्या अंगात येतं. चादर बदला, पंखा पुसा, कानतुटके कप लपवा. भिलाईच्या स्टील प्लांटमधून रिटायर होऊन तिथंच कोहक्याला स्वतःचं घर बांधलं, तरी ही खोड गेली नाही. पण हाच माणूस पाहुण्यांसाठी जमीनसुद्धा बदलून ठेवील, असं आमच्यापैकी कोणाला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

पाहुणी म्हणजे कॉलेजातली एक मुलगी. सरकारी पैशातून चाललेल्या संशोधनासाठी ती घरोघर फिरत होती. मातीत जस्त कमी असलं तर तिच्यात उगवलेल्या भाजीत कमी, आणि भाजीत कमी तर खाणाऱ्याच्या अंगातही कमी, असं खरंच असतं का, हे त्यांना बघायचं होतं. ज्या घरामागं बाडी, म्हणजे परसबाग, आहे, तिथल्या वाफ्यातली माती न्यायची आणि ती भाजी खाणाऱ्या बाईचं रक्त न्यायचं, असा त्यांचा बेत होता.

आईला हे ऐकून फार बरं वाटलं. तिच्या तोंडाची चव गेली होती. मीठ कळायचं नाही, म्हणून वरण कधी अळणी, बहुतेक वेळा खारट. विळीनं बोट कापलं की जखम महिनाभर ओली राहायची. दवाखान्यात गेलं की "वय झालं" म्हणून बोळवण. त्या मुलीनं नेमकं जेवणाची चव लागते का, जखमा लवकर भरतात का, हेच विचारलं, तेव्हा आई माझ्याकडे बघून हसली. "माह्या तोंडाले काय झालं, ते आता तरी समजन," म्हणाली.

जाताना मुलगी बाबांना सांगून गेली, "अंकल, मिट्टी जैसी है वैसी ही रहने दीजिएगा. हम अगले हफ्ते आएँगे."

आमची बाडी म्हणजे तांबडा मुरूम. कुदळ मारली की खडेच वर येतात. बाबांचा जन्म भंडाऱ्याकडचा, वैनगंगेच्या काठचा. तिथल्या काळ्याभोर मातीपुढं भिलाईच्या मातीला ते मातीच मानत नाहीत. लाल भाजी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, सगळं इथंच पिकवलं, इतकी वर्षं खाल्लं, पण येणाऱ्या-जाणाऱ्याला बाडी दाखवताना ते नेहमी ओशाळायचे. त्या आठवड्यात ते गावाला जाऊन आले. गावाहून लोक तांदळाची चुंगडी, म्हणजे पोती, आणतात. बाबांनी गाडीत बाकाखाली घालून मातीच्या चुंगड्या आणल्या. वाफ्यातला वरचा मुरूम खरवडून रस्त्याकडेला फेकला आणि त्या जागी गावची माती पसरली.

"अजी, हे कावून करून राहिले तुम्ही?" आईनं विचारलं. "ते पोरगी जशीच्या तशी ठेवा म्हने."

"आपल्या घरची माती लॅबमधी जाणार हाये. खडे पाठवू का? काय म्हनतीन ते लोकं?"

हे सगळं मला नंतर कळलं. मी हुडको कॉलनीत राहते, अधूनमधून येते. सुईला आई घाबरते म्हणून नमुना घ्यायच्या दिवशी तिचा हात धरायला गेले होते. बाडीत मी बरेच दिवस गेले नव्हते, म्हणून काळा वाफा पाहून वाटलं, बाबांनी शेणखत घालून घालून जमीन सुधारली. त्या मुलीनं विचारलंसुद्धा, "अंकल, बाहर से तो कुछ नहीं डाला?" बाबा छाती पुढं काढून म्हणाले, "अरे नहीं बेटा, बरसों की मेहनत है." आई चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. तिनं कप खाली ठेवले आणि मुकाट्यानं हात पुढं केला.

पुढं वस्तीतल्या हॉलमध्ये सगळ्यांना बोलावून निकाल सांगितले. बहुतेक बाड्यांत जस्त कमी होतं, बायकांच्या रक्तातही कमी होतं. त्या घरांना वाफ्यात घालायला औषध मिळालं, बायकांना गोळ्या मिळाल्या, आणि त्यांची तपासणी पुन्हा होणार होती. आमची माती सगळ्यांत उत्तम निघाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाबांनी उठून हात जोडले. आईचं रक्त मात्र शेजारणींसारखंच निघालं. मुलगी कोड्यात पडली. माती इतकी चांगली, मग रक्त असं का? म्हणजे आँटींना खाल्लेलं अंगी लागत नसणार, पोटाची तपासणी करून घ्या, असं तिनं कळकळीनं सांगितलं. तिचं काय चुकलं? समोर जे ठेवलं होतं, त्यावरून तिनं सांगितलं. आमचं घर औषध-गोळ्यांच्या आणि पुन्हा तपासणीच्या यादीतून गळलं.

पोटाची तपासणी म्हणजे घशातून नळी. मी आईला घेऊन गेले. तिला उमासे येत होते, डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, आणि माझी बोटं तिनं इतकी आवळली की दुखायला लागली. नळीत काही सापडलं नाही. घरी आल्यावर कोमट पाणी पिता पिता ती हळूच म्हणाली, "नाईच सापडणार. माती गावची होती न."

मी भडकलेच. "तुले माहीत होतं? मग नळी कावून गिळली?"

"एवढ्या लोकाईत टाळ्या वाजल्या त्याहिले. त्याहिले खोटं पाडू का मी?"

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो तिनं असा खाल्ला. मला तिचाही राग आला, बाबांचा तर आलाच. तशीच बाडीत गेले आणि बाबांना सगळं सुनावलं. मला वाटलं, ओरडतील. त्यांनी वाकून वाफ्यातली मूठभर काळी माती उचलली आणि परत टाकली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी काळ्या थराखालचा मुरूम उकरला, पिशवीत भरला आणि कॉलेजात गेले. तिथल्या बाबूनं सांगितलं, संशोधनाची मुदत संपली, अहवाल वर गेला, मुलगीही दुसरीकडं लागली. पिशवी घेऊन बाबा परत आले. मी आईला जस्ताच्या गोळ्या आणून दिल्या. जखमा थोड्या लवकर भरायला लागल्या, चव अजून आलेली नाही. ती मातीमुळं गेली की वयामुळं, हे आता कोण सांगणार? सांगायला आलेली माणसं आमच्या दारातून चहा पिऊन गेली, याची हळहळ माझ्या मनातून जात नाही.

पिशवी परत आली त्या संध्याकाळी मी तिथंच जेवले. वरण खारट होतं. बाबा कधी गप्प खात नाहीत, मीठ जास्त झालं की ताट सरकवतात. त्या दिवशी त्यांनी निमूटपणे भात कालवला. अर्ध्या जेवणात थांबले आणि ताटाकडंच बघत त्यांनी आईला विचारलं, "लय तरास झाला का वं, नळी गिळताना?"

आई त्यांना वरण वाढत होती.

"झाला न," ती म्हणाली.