सेक्रेटरींच्या नावाचं पान

१९९२ साली, सिल्व्हर पार्कात आमच्या वरच्या मजल्यावर राहणारे प्राध्यापक पानाला स्वयंपाकघर म्हणत. "आतली प्रथिनं म्हणजे आचारी. ऊन मिळालं की हवेतल्या कार्बनचं पिष्ट रांधतात, त्यावर झाड वाढतं," हे ते जिन्यात कुणालाही थांबवून ऐकवत.

सोसायटीच्या सेक्रेटरींनी माझ्यासमोर त्यांना बजावलं, "सरजी, संडे तक गच्चीके सब गमले हटाओ!" कुंड्या अकरा होत्या.

रविवारी प्राध्यापकांनी सेक्रेटरींच्या हातात एक पान ठेवलं. त्यावर सेक्रेटरींचं नाव निळंकाळं उमटलं होतं! आधी रोप दोन दिवस अंधारात ठेवून, मग अक्षरं कापलेला काळा कागद पानावर लावून ते उन्हात ठेवलेलं. नंतर स्पिरिटमध्ये उकळून आयोडिन टाकलेलं. ऊन लागलं तिथेच पिष्ट, तिथेच अक्षरं.

"आचाऱ्यांनी लिहिलंय," प्राध्यापक गंभीरपणे म्हणाले.

कुंड्या गच्चीतच राहिल्या. त्याबद्दल सेक्रेटरींना आणखी एक पान द्यावं लागलं, मिसेसच्या नावाचं.