शिवलिंगअप्पाचं वळण

वळणाबाहेरच्या बागायतदाराने आपल्या विहिरीसाठी रस्त्याचा उतार फिरवून घेतला, पुढे ठेकेदाराने त्याच उतारावर डांबर ओतलं, आणि फसला माझा ड्रायव्हर शिवलिंगअप्पा. हे आधीच सांगून टाकतो. माणूस कसा होता ते आता सांगतो.

दुष्काळात आमच्या गावाजवळ रस्त्याचं सरकारी काम निघालं होतं. मी तिथे चहा विकायचो. भांडवल म्हणजे एक किटली. एक हडकुळा मजूर डोक्यावरचं टोपलं न उतरवता समोर उभा राहिला.

"अर्ध्या कपाचं काय घेतो?"

"अर्धा विकत नाही."

"मग पुरा दे. अर्धा मी पितो, अर्धा तू पी. पैसे बी अर्धे अर्धे."

मी चिडलो, शिवी दिली आणि अर्धा कप भरला. पुढे मी मोंढ्यात भल्याभल्यांशी सौदे केले, पण इतक्या लवकर मला कुणी हरवलं नाही. तो शिवलिंगअप्पा.

त्या कामावर पाण्याचे हाल होते. जवळपास एकाच विहिरीला पाणी होतं, आणि ती वळणाबाहेरच्या बागायतदाराची. तो मुकादमाला म्हणाला, "माझं पाणी खुशाल प्या. पण पाऊस पडला की रस्त्याचं पाणी माझ्या मळ्यात, विहिरीकडं आलं पाहिजे." मुकादम कबूल झाला. सगळे कबूल झाले. घसा कोरडा पडलेला माणूस उताराची चौकशी करत नाही. वळणावर गाडी बाहेर फेकली जाते, म्हणून बाहेरची कड उंच ठेवायची असते. आमच्या वळणाला ती कड खाली गेली. ती माती टाकणाऱ्यांत अप्पा होता. तेव्हा त्या रस्त्याने बैलगाड्या जायच्या. बैलगाडीला कुठला वेग?

मग लातूर जिल्हा झाला. नव्या जिल्ह्याला काहीतरी करून दाखवायची घाई होती. आमचा रस्ता डांबरी झाला, पण उतार होता तसाच राहिला. वरून काळा, गुळगुळीत, बघायला झकास. लातूर-नांदेडच्या लॉऱ्या जवळची वाट म्हणून तिकडून पळू लागल्या. मीही एव्हाना चहाच्या धंद्याबरोबर एक जुनी जीप घासाघीस करून घेतली होती. अप्पा कुणाच्या तरी ट्रॅक्टरवर हात बसवून आला आणि म्हणाला, "गाडी तुझी, हात माझे. बोल, जमतंय का?" मी त्याला अप्पा म्हणायचो. तो मला चिडवायला मालक म्हणायचा.

सरळ रस्त्यावर तो भयंकर पळवायचा. पंचक्रोशीत त्याचं नाव त्यासाठीच होतं. बायका पदर तोंडात धरून बसायच्या, आणि अहमदपूरची एसटी चुकलेले लोक त्याच्याच जीपची वाट बघायचे. पण ते वळण आलं की अलीकडेच पाय काढायचा, एकेक गिअर उतरवत पहिल्यावर यायचा आणि जीप रांगत न्यायची. "देवळात जाताना चपला भाईर काढतो का न्हाई? तसा वेग वळणाच्या भाईर काढायचा," असं म्हणायचा.

एकदा मागून एक म्हातारी ओरडली, "आरं शिवा, उतरून चालत जाऊ का? तुझ्या आधी पोचंन मी!"

"बस गं आज्जे. हितली माती म्या टाकली हाय. मला ठाव हाय ती कुणीकडं वढती."

मीही त्याच्यावर खेकसायचो. "अप्पा, दरवेळी पहिला गिअर टाकून माझं डिझेल का जाळतोस?"

"मालक, डिझेल बाजारात भेटतंय. सरळ रस्त्यावर गाडी माझी, वळणावर गाडी रस्त्याची."

एका दुपारी सवाऱ्या उतरवून तो रिकामी जीप घेऊन गावाकडे येत होता. वळणाच्या बाहेरच्या अंगाने, नेहमीसारखा रांगत. समोरून भरलेली लॉरी आतल्या अंगाने आली. उताराने तिला बाहेर ओढलं आणि ती त्याच्यावर गेली.

मी पोचलो तेव्हा त्याच्यावर कुणाचं तरी धोतर टाकलेलं होतं. मला रडू आलं नाही. मी जीपच्या आत वाकून बघितलं. गिअरचा दांडा पहिल्यावर होता. बराच वेळ मी तो दांडाच बघत होतो.

लॉरीवाल्याने सांगितलं, जीप भरधाव आली. पंचनाम्याला बोलावलेल्या पंचांनी मान डोलावली, कारण अप्पा पळवतो हे सगळ्यांना माहीत होतं. मी फौजदारसाहेबांचा हात धरून त्यांना दांड्यापाशी नेलं. "साहेब, पहिल्या गिअरवर भरधाव जातं का कुणी? तुम्ही जाऊन दाखवा!" ते म्हणाले, "धक्क्याने सरकला असेल." मी काय काय बोललो ते आठवत नाही. दोघांनी मला मागे ओढलं. दोष मेलेल्या माणसाच्या नावावर लागला.

त्याची बायको गंगाबाई मला एवढंच म्हणाली, "भाऊजी, लोकं म्हणत्यात, घाई करून मेला. पाण्यावर गेलं तरी म्हणत्यात. तिथं तर ते घाई करत नव्हते ना?"

"न्हाई वहिनी."

"मग तुम्ही सांगा की त्यास्नी."

मी सांगत राहिलो. लोक ऐकायचे आणि चहा मागायचे.

पुढच्या उन्हाळ्यात कुणालाही न सांगता त्या वळणावर मजूर आले. बाहेरची कड उकरली, मुरूम टाकून उचलली, रोलर फिरवला, वर नवं डांबर टाकलं. बागायतदार बांधावर उभा राहून बघत होता. देखरेखीच्या माणसाला मी विचारलं, "हे कशाला?" तो म्हणाला, "वरून आदेश आहे."

तो आदेश ज्याने दिला त्याला मी विचारतो. चूक ड्रायव्हरची होती, तर रस्ता का उचललात? आणि चूक रस्त्याची होती, तर शिवलिंगअप्पाच्या नावावरचा दोष अजून का काढला नाही? गंगाबाई जिवंत आहे. तिच्या दारात या, तिच्यासमोर उभे राहा आणि उत्तर द्या.