चुलतभावाचा उघडा डोळा

“अय, ऊठ! दिवसाढवळ्या झोपा काढायलास व्हय?”

मालक ओरडत होते माझ्यावर, आणि मी टक्क जागा होतो. मानवतच्या जिनिंगमध्ये कापसाच्या गंजीजवळ आम्ही दोघं चुलतभाऊ समोरासमोर बसलो होतो. मी ट्रॅक्टरवरचे कावळे मोजत होतो, अकरा होते. चुलतभाऊ मात्र गंजीला टेकून गाढ झोपला होता. मालक आले नेमके माझ्या उजव्या अंगानं, म्हणजे त्याच्या डाव्या. माझी उजवी पापणी पडकी. त्याचा डावा डोळा ऑपरेशनपासून झोपेतही फटीएवढा उघडा राहतो. मालक मला म्हणाले, जरा याच्याकडून शीक. चुलतभावानं झोपेतच हुंकार भरला. मालकांना तो नम्रपणा वाटला.

ही पापणी आमच्या घराण्यातली. आजोबांनी शेत वाटलं तशी पापणीही वाटली: थोरल्या घराला उजवी, धाकट्या घराला डावी. माझी जन्मापासून अर्ध्या ओढलेल्या शटरासारखी. समोरचं दिसावं म्हणून मी हनुवटी वर करून चालतो आणि भुवई त्याहून वर धरतो. त्यामुळं कपाळावर अशा सऱ्या पडल्यात की सरकी टोबली तर उगवेल. लग्नाच्या अल्बमात मी पानापानावर सासऱ्यांना डोळा मारलेला आहे. मानवतच्या बसमध्ये एका कंडक्टरनं मला एकाच प्रवासात तीन वेळा उठवलं. तिन्ही वेळा मी उभाच होतो.

पण तेव्हा दुःख नव्हतं, कारण चुलतभाऊही तसाच होता. गावात पडके डोळे दोन, चेष्टा अर्धी अर्धी. मग मागच्या उन्हाळ्यात हा गडी कुणाला न सांगता हैदराबादला गेला आणि पापणी उचलून घेऊन आला. पट्टी निघाली त्या दिवशी नवी नवरी बघायला यावं तसं गाव लोटलं. शेजारच्या गावातून जीप भरून आली म्हणतात; दोन जीप मी स्वतः पाहिल्या. माझी बायको पण गेली. परत येऊन भाकरी थापता थापता म्हणाली, “केवढा टपोरा दिसायलाय भाऊजींचा डोळा.” मी दोन दिवस तिच्या हातचं खाल्लं नाही. म्हणजे दीड दिवस. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भरलं वांगं होतं.

आता गावातली सगळी चेष्टा एकट्या माझ्या वाट्याला. तरी तेही सोसलं असतं. पण हंगामाच्या तोंडावर गेटावरची जागा रिकामी झाली. गेटावर गाडी आली की कापूस हातात घ्यायचा, धागा ओढून लांबी बघायची, सरकी दाताखाली फोडून ओल ओळखायची, आणि शब्द टाकायचा. त्या शब्दावर भाव ठरतो. शेतकरी त्या माणसाला आधी नमस्कार करतात आणि मग मालकांना. ती जागा मला पाहिजे होती. मी थोरल्या घरातला, जिनिंगमध्ये त्याच्या आधी लागलेलो. एकदा एक ओली गाडी माझ्या हातून कोरडी म्हणून पास झाली हे खरं. पण त्या दिवशी आभाळ आलेलं होतं, आणि असल्या आभाळात पडक्या पापणीला काय दिसणार?

मालकांनी जागा चुलतभावाला दिली.

माझ्या मनात हिशेब साफ होता. मालक डोळा बघतात. मी जागेपणी झोपलेला दिसतो, तो झोपेत जागा दिसतो. मग गेट त्याचंच. त्याच्या गेटावरच्या खुर्चीकडं बघून माझ्या पोटात असा जाळ उठायचा की वर तवा ठेवला असता तर बायकोचा गॅस वाचला असता. तो खिशातून बाटली काढून डोळ्यात दोन थेंब टाकायचा, तर मला त्या बाटलीचाही हेवा वाटायचा. एकदा त्याला कळलं की मीही ऑपरेशनचा विचार करतोय, तेव्हा जेवणाच्या सुट्टीत जवळ येऊन बसला. म्हणाला, “दादा, सकाळी डोळ्यात रेती पडल्यागत व्हतंय. रुई उडाली की आग आग व्हती. तू नको करू.”

मी ओळखलं. याला माझा डोळा उघडलेला नको आहे.

दुसऱ्याच दिवशी परभणी गाठली. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी माझी भुवई अंगठ्यानं दाबून धरली, वर बघा, खाली बघा करायला लावलं आणि छोट्या पट्टीनं पापणी मोजली. पापणी उचलणारा स्नायू जन्मापासून कमजोर आहे, म्हणाल्या. ऑपरेशन होईल, दिसायला फरक पडेल. पण झोपेत डोळा पूर्ण मिटेलच असं नाही. एक-दोन मिलिमीटर उघडा राहू शकतो, मग तो कोरडा पडतो, रोज मलम लावावं लागतं. हे त्या धोका म्हणून सांगत होत्या. मी खुर्चीतून पुढं सरकलो.

“मॅडम, आमच्या चुलतभावाचा तीन राहतो. मला चार ठेवा.”

त्यांनी पट्टी खाली ठेवली आणि घरचं कुणी सोबत आलंय का म्हणून विचारलं. कुणी नव्हतं. मग ते सगळं त्यांनी मला पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, लहान लेकराला सांगावं तसं. शेवटी तारीख दिली.

तारखेचा कागद घेऊन मी मालकांपुढं उभा राहिलो, हनुवटी वर करून. चार दिवसांची सुट्टी मागितली. आणि आलोच आहे तर मनातलंही बोलून टाकलं: माझा डोळा उघडला की गेट मला देणार का? वर हेही सांगितलं की ज्याला तुम्ही जागा समजता तो दुपारभर झोपा काढतो. स्वतःच्या भावाची अशी चुगली करताना मला लाज वाटायला पाहिजे होती. नाही वाटली.

मालकांनी कागद वाचला, घडी केली आणि माझ्या हातात परत दिला.

“सुट्टी घे,” ते म्हणाले. “तो झोपतो ते कवाच म्हाईत झालंय मला. पण त्याला कापूस कळतो.”